दोनशे घोड्यांच्या मोटारीची हजिरी

श्रीगजाननास वंदन, मागून इंजिनास वंदन. उभयतांचे कृपेने कोणी वाटेत खोळंबू नये. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विनमासी, एके राज्यी परमुलखीची नवी मोटार आली आणि तीत दोनशे घोड्यांचे बळ आहे ऐसे पागेचे मुख्य मल्हारपंत पागनीस यांनी भर दरबारी सांगितले. पंतांनी मोजले काहीच नव्हते. विकणारा बोलला ते ऐकिले आणि छाती पुढे काढून हुजुरास ऐकविले. महाराज बहुत संतोषले, आणि शेजारचे राजांकडेही तीच मोटार आहे ऐसे कळताच निरोप धाडिला की, उभयतांनी सीमेवरील घाट चढावा, जो अगोदर माथा गाठील त्याचा घाट. शेजाऱ्यांनी विडा उचलिला, तेव्हा कोठे पंत मोटार मोजवून घ्यावयास निघाले.

मोजणीचे काम सुभानजी मिस्त्रींकडे, आणि त्यांस आपल्या कामाचा मोठा ताठा. त्यांजकडे गरगर फिरणारे लोखंडी रूळ होते. मोटार त्यांवर चढवून जागच्या जागी धावविली म्हणजे चाकांपाशी खरे बळ किती घोड्यांचे पोचते ते काट्यावर कळे. पंतांनी मोटार तेथे नेली, परंतु राजाचे वाहन उघडेबोडके हजिरीस न्यावयाचे नाही ऐसा पागेचा शिरस्ता, म्हणोन तिजवर जरीची झूल घातली आणि पुढील जाळीवर झेंडूचे भरघोस हार बांधिले, आणि मग रुळांवर चढविली. मोटार धापा टाकू लागली आणि काटा नव्वदावरच अडला. मिस्त्री म्हणाले, "पंत, नाकातोंडात झेंडू कोंबलात, ती श्वास कोठून घेईल?" मग हार उतरविले, झूल उतरविली, पुन्हा धावविली, तो एकशेतीस. पंतांनी आणिक धाववावयास लाविले, आणिक धाववावयास लाविले, काटा पुढे सरकेना. मग मिस्त्रींनी सांगितले की, काही बळ इंजिनापासून चाकांपर्यंत येता येताच खर्ची पडते, आणि बाकीचे बनविणारांनीच आवळून धाडिले आहे, कारण आपला मुलूख उष्ण आणि तेल हलके. शेजारचा मुलूख थंड आणि तेल उत्तम, म्हणोन तेथे तीच मोटार मोकळी सोडिली आहे. पंत म्हणाले, आमचीही मोकळी करा. मिस्त्री म्हणाले, "करतो. पण अर्ध्या घाटात इंजिन जळाले, तर आत महाराज बसलेले असतील."

तेव्हापासून पंतांस अन्न गोड लागेना. बसले की उठत, उठले की मोटारीपाशी जात, आणि तसेच माघारी येत. अखेर धीर करून हुजुरात गेले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, ते दोनशे घोडे मी मोजले नव्हते. आपल्या मुलखी एकशेतीसच भरतात."

महाराजांनी पंतांचे पाठीवर हात ठेविला आणि म्हणाले, "खरे सांगितलेत, बरे केलेत. शर्यत मोडू. शेजारी रागावून फौजेनिशी घाटावर येतील, तर येऊ द्यात. आपले स्वार चाळीस हजार आहेत, तुम्हीच सांगितलेत."

पंत खाली पाहत उभे राहिले. महाराजांनी पाठीवरील हात काढिला.

"पंत, स्वार तरी मोजलेत ना?"

ऐसा हा वृत्तांत. मोटारीचे घोडे एकशेतीस भरले, शर्यत मोडली, आणि पंत त्याच पावली मोजणीस छावणीकडे धावत सुटले. शर्यत मोडल्याचा निरोप शेजाऱ्यांस पोचला, आणि मोजणी पुरी होण्याआधीच घाटाखाली त्यांचे फौजेचे नगारे वाजू लागले.