विद्याधररावांचा तयार कान

अंधेरीच्या त्या इमारतीत विद्याधररावांच्या कानाचा मोठा दरारा होता. "डोळे मिटून सांगतो, कोण वाजवतंय ते!" असं ते कुणालाही सांगत, आणि रेडिओ लागला की खरोखर डोळे मिटत.

श्रावणात लेकीनं, उत्तरानं, भीत भीत विचारलं होतं, "बाबा, पेटी सोडू? मला तबला शिकायचाय."

"मुलीच्या हाताला पेटीच शोभते. नेटानं धर, गोडी लागेल."

आणि लागली की गोडी! संध्याकाळी ते कचेरीतून येत तेव्हा आतल्या खोलीचं दार बंद असे. "तुम्ही समोर असलात की पोर बुजते," असं त्यांच्या पत्नीचं, सुनंदाबाईंचं म्हणणं. विद्याधरराव चहा घेऊन गॅलरीत बसत. पेटी दिवसेंदिवस अशी काही खुलत गेली की त्यांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटे.

एकच सल होता. त्याच वेळी भिंतीपलीकडून तबला ऐकू येई. शेजारचे भाऊ पुतण्याला, जयवंतला, शिकवत होते. काय तो हात! इकडे विद्याधररावांचा चहा निवून जाई. असं एखादं पोर आपल्या घरात असायला हवं होतं, असं त्यांना फार वाटे.

एका सकाळी दूधकेंद्रावरून परतताना त्यांनी मन मोकळं केलं. "भाऊ, तुमचा जयवंत नाव काढणार बघा."

"जयवंत? तो दिवाळीपासून कणकवलीला आहे, आजोळी. तबल्याचा कंटाळा करायचा. म्हटलं, सोड बाबा."

"मग वाजवतं कोण?"

"तुमची उत्तरा. घरी बोलली नाही?"

विद्याधररावांच्या हातून बाटली सुटली आणि भाऊंच्या चपला दुधात भिजल्या. पण मग घरात पेटी कोण वाजवतं?

संध्याकाळी त्यांनी दार ढकललं. पेटीवर सुनंदाबाई होत्या. चाहूल लागताच भाता थांबला.

"लग्नाआधी शिकत होते," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "पोरीला नको होती. मला मात्र सोळा वर्षांपासून हवी होती."

पेटी थांबली म्हणून पलीकडचा तबलाही थांबला, आणि उत्तरा धावत दारात आली.

"बाबा, उद्यापासून पेटीच शिकते."

"उद्यापासून तबला. चोरून नाही, उघड," ते म्हणाले. "पेटीचे मास्तर येतील ते तुझ्या आईसाठी. आणि मी... मी आपला ऐकतो."

"ऐका की," सुनंदाबाई म्हणाल्या. "दार उघडं ठेवते. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवा."