टिटवीबाई संकट शोधतात

एका जंगलात एक दवाखाना होता आणि तो, मुलांनो, चक्क नीट चालायचा. हसू नका. गोष्ट आहे ही, गोष्टीत असं चालतं.

औषध द्यायला अस्वल डॉक्टर होते. पण दवाखाना चालवायच्या त्या टिटवीबाई. केसपेपर त्यांच्याकडे, रांग त्यांच्याकडे, औषधांच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडे. सशाला बिबट्याशेजारी बसवायचं नाही, सापाला बाकावर आडवं पसरू द्यायचं नाही, कासवाला आदल्या दिवशीच निघायला सांगायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. बारा वर्षांत एकही पेशंट हरवला नव्हता की खाल्ला गेला नव्हता.

एकदा सिंहमहाराज शेजारच्या जंगलात जेवायला गेले आणि तिथून एक नवीन शब्द शिकून आले. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं.

"यापुढे दवाखान्याला प्रशासक असेल. त्याच्याकडे आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी हवी. नसेल, तर पौर्णिमेपर्यंत निदान प्रवेश मिळाल्याचं पत्र दाखवावं. नाहीतर खुर्ची सोडावी."

टिटवीबाईंना रडू आलं. ती खुर्ची म्हणजे नुसता एक दगड होता. पण बारा वर्षं त्यावर बसून त्यांनी तो ऊबदार केला होता.

रडून झाल्यावर त्यांनी माहितीपत्रकं मागवली. मोराच्या महाविद्यालयाच्या पत्रकात सोळा पानं होती आणि सोळाही पानांवर मोर होता. गिधाडांच्या संस्थेत टिटवीबाई स्वतः चौकशीला गेल्या.

"तुमचा आरोग्याशी काय संबंध?" त्यांनी विचारलं.

"बाई, आमच्याकडे आलेल्या एकाही पेशंटची आजवर तक्रार नाही," गिधाड अभिमानाने म्हणालं.

शेवटी त्यांनी बगळ्यांचं विद्यापीठ निवडलं. तिथले प्राध्यापक तासन्‌तास एका पायावर गप्प उभे असत. इतके गप्प आहेत म्हणजे नक्कीच विद्वान असणार, असं जंगलात सगळ्यांना वाटे. मासे सोडून.

अर्ज भरायला टिटवीबाई मुंगसाकडे गेल्या. मुंगूस प्रवेश-सल्लागार होता. तो स्वतः कुठेच शिकलेला नव्हता, त्यामुळे त्याला सगळ्या संस्थांची सारखीच माहिती होती.

"निबंध लिहायचाय," मुंगूस म्हणाला. "विषय, मी हाताळलेलं मोठं संकट. पाचशे शब्द."

"संकट? तसं आलंच नाही हो."

"बारा वर्षांत?"

"यायच्या आधीच दिसायचं ना मला. मग मी आवरून टाकायचे."

मुंगसाने कपाळावर हात मारला. "मग तुमच्याकडे दाखवायला आहे काय? साथ? आग? चेंगराचेंगरी?"

"एकदा कापूस संपत आला होता," टिटवीबाई आशेने म्हणाल्या. "पण मी आधीच मागवून ठेवला होता."

"त्यावर पाचशे शब्द होत नाहीत, बाई. एखादं संकट आणा कुठूनतरी. छोटं चालेल. पण आरडाओरडा झाला पाहिजे."

टिटवीबाई सरळमार्गी होत्या. पण खुर्ची जायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मन घट्ट करून सगळे केसपेपर एकमेकांत मिसळले आणि डोळे मिटून बसल्या.

संकट छान सुरू झालं. पोट बिघडलेल्या हरणाच्या शिंगांना प्लास्टर घातलं गेलं. दात दुखणाऱ्या रानडुकराला बाळंतकाढा मिळाला. सापाच्या चारही पायांना तेल चोळा, असा कागद निघाला, आणि माकडीण बिचारी तेलाची वाटी घेऊन पाय शोधत बसली. हळूहळू आरडाओरडा वाढला.

टिटवीबाईंनी एक डोळा उघडला. रानडुक्कर काढा तोंडाला लावतच होतं.

"अहो, थांबा!" त्या ओरडल्या. आणि पुढच्या दहा मिनिटांत, निव्वळ सवयीने, त्यांनी सगळे कागद आणि सगळे पेशंट जागेवर लावले.

"दहा मिनिटं?" मुंगूस वैतागला. "दहा मिनिटांचं कुठे संकट असतं का!"

पौर्णिमा उलटली. खुर्ची तरसाला मिळाली. तरसाने पलीकडच्या जंगलातले दोन दवाखाने बुडवले होते, त्यामुळे त्याच्या निबंधात संकटं मावत नव्हती. तो वाचताना बगळ्यांनी दुसरा पायही खाली टेकवला म्हणे. प्रवेश दिला, वर शिष्यवृत्तीही दिली.

तरस खुर्चीवर बसला, टिटवीबाई खाली. पहिल्याच दिवशी तरसाने रांग वजनाप्रमाणे लावली. आठ दिवसांत अस्वल डॉक्टर रजेवर गेले, कपाटाची किल्ली हरवली आणि तीन ससे सापडेनासे झाले. बिबट्या मात्र एकदम ठणठणीत होऊन घरी गेला.

टिटवीबाईंची धावून धावून दमछाक झाली. सशांसाठी त्या रडल्यासुद्धा. पण खरं सांगू? आतून त्या थोड्या हरखल्याही होत्या. अखेर संकट आलं होतं! खरंखुरं, भरपूर आरडाओरड्याचं! त्यांनी निबंध लिहायला घेतला. नऊशे शब्द झाले, चारशे कापावे लागले.

बगळ्यांचं उत्तर लगेच आलं. "अप्रतिम! फक्त वरिष्ठांचं शिफारसपत्र जोडा."

टिटवीबाई तरसाकडे गेल्या. तरसाने अगदी मनापासून पत्र लिहिलं. त्यांच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणीच लिहिलं नव्हतं.

"टिटवीबाईंसारखी कर्मचारी मी दुसरी पाहिली नाही. हा दवाखाना त्यांच्यामुळेच उभा आहे. त्या एक दिवस आल्या नाहीत तर मला काही सुचत नाही. तरी कृपया त्यांना प्रवेश देऊ नये, ही नम्र विनंती."

बगळ्यांनी विनंती मान्य केली.

गेल्याच आठवड्यात तरसाची पदवी पूर्ण झाली. त्याचा प्रबंध टिटवीबाईंनी लिहून दिला.

तात्पर्य: मुलांनो, काम नेहमी चोख करावं, म्हणजे साहेबांना शिकायला सवड मिळते. तुम्हाला स्वतःलाच साहेब व्हायचं असेल, तर मात्र आजपासून काहीतरी बुडवायला घ्या. आईबाबा रागावले तर सांगा, प्रवेशाची तयारी चालली आहे.