लाल रुमालातली राणी

वेणीमाधवशास्त्र्यांचा कादंबऱ्यांवर भारी राग. "कादंबरी वाचणारी बाई आणि चुलीवरचं दूध, दोन्हींवर नजर ठेवावी लागते," असं ते चारचौघांत सांगत आणि शकुंतलाबाई आतून निमूट ऐकून घेत. निमूट ऐकणाऱ्या बायका आपली वाट आधीच शोधून ठेवतात, हे शास्त्रीबुवांच्या कुठल्याच पोथीत लिहिलेलं नव्हतं. शकुंतलाबाईंनी मल्लप्पा अडत्यांच्या गौरम्माकडून एक ऐतिहासिक अद्भुत कादंबरी आणली होती. ग्रंथालयातली ती प्रत हातोहात फिरून इतकी खिळखिळी झालेली, की पानन् पान सुटं. मग काय, बाईंनी ती सासऱ्यांच्या जुन्या पोथीच्या फळ्यांत घातली, लाल रुमालात बांधली आणि देवघरातल्या फडताळात ठेवून दिली. देवघरातल्या वस्तूवर नवरा संशय घेत नाही, हा त्यांचा अंदाज काही खोटा नव्हता. फक्त बुवांची रोजची पोथीही तशाच लाल रुमालात, त्याच फडताळात असे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या मारुतीच्या देवळात चातुर्मासभर बुवांचं पुराण चाले. आजोबांनी तिथंच सांगितलं, वडिलांनी तिथंच सांगितलं. पण यंदा श्रोते आटत आटत चार बायकांवर आले होते आणि त्यांतल्या दोघी झोपायलाच येत. देवळाचे पंच मल्लप्पा एक दिवस बोललेच.

"बुवा, राग नका मानू. लोकं म्हणत्यात, नातेपुत्याचा कीर्तनकार आणा. पेटी वाजवतो, लई रंगतं. उद्या मी सोता ऐकाय येतो, मग ठरवू की."

तीन पिढ्यांचं आसन! बुवांचा जीव खालीवर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच तंद्रीत, हाताला आला तो रुमाल उचलून ते निघाले.

मंगलाचरण झालं. बुवांनी गाठ सोडली, फळी उचलली. पान पोथीसारखं आडवं नव्हतं, उभं होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तळ्याखालचं भुयार'. घरी परतावं तर सोय नाही. एकदा सोडलेली पोथी अध्याय पुरा झाल्याखेरीज बांधायची नाही आणि एकदा धरलेला ग्रंथ समाप्तीखेरीज सोडायचा नाही, हा नियम आजोबांपासूनचा. तो त्यांनीच समोरच्या बायकांना उठता बसता ऐकवलेला. तोंडपाठ श्लोक म्हणावेत, तर तेही ऐनवेळी गायब!

"करा की सुरू," मल्लप्पा म्हणाले.

बुवांनी मारुतीकडं एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात वाचू लागले, "तळ्याच्या पाण्यात किल्ल्याचे बुरूज थरथरले. दरवाजावरचा दगडी हत्ती शत्रू आल्यावाचून कधी हलत नसे. त्यानं आज सोंड उचलली!"

वाती वळणाऱ्या गौरम्माचा हात तिथंच थांबला. झोपलेली तानाबाई ताडकन उठून बसली.

"अगं बया! दगडाचा हत्ती?"

"दगडाचाच," बुवा गंभीरपणे म्हणाले.

"आन् राणी हाय का न्हाय त्या किल्ल्यात?"

"आहे. राणी रत्नप्रभा."

अध्याय संपला तेव्हा मल्लप्पांच्या हातातला तंबाखू मळायचा राहून गेला होता. "बुवा, ह्ये कंचं पुराण म्हनायचं?"

"स्थलपुराण," बुवांनी ठोकून दिलं. "फार दुर्मिळ."

"तळं हाय, तळ्याकाठी किल्ला हाय... म्हंजे ह्यो आपल्या सोलापूरचाच किल्ला की!"

बुवा 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही'ही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गौरम्मा अख्खी गल्ली घेऊन आली. नियमाप्रमाणे ग्रंथ सोडता येईना, म्हणून बुवा तोच रुमाल घेऊन आले. मग विणकर आले, पाळी सुटल्यावर गिरणीतली माणसं आली, तालमीतली पोरं आली. देवळाचं पटांगण पुरेना. इंग्रजांनी शहरावर लादलेला लष्करी कायदा उठून वर्ष झालं होतं, पण रस्त्यानं मान खाली घालून चालायची सवय शहराची अजून पुरती सुटली नव्हती. ती माणसं इथं येऊन बसत आणि राणी रत्नप्रभा सुलतानाच्या सरदाराला भर दरबारात "किल्ला मागायचा तर आधी मान वर करून बघायला शीक" असं सुनावी, तेव्हा पटांगणातल्या सगळ्या माना वर होत. हे पाहून बुवांनाच भरून येई. कीर्तनकाराचं नाव आता कुणी काढत नव्हतं. बुवांनी पगडीला नवी घडी घातली.

घरी मात्र पंचाईत. पुस्तक गेलेलं शकुंतलाबाईंना पहिल्याच दिवशी कळलं, पण विचारणार कसं? पुस्तक बायकोचं हे बुवांनाही कळलं, पण रागावणार कोणत्या तोंडानं? तेव्हा बाई मुकाट्यानं देवळात येऊन पुढच्या रांगेत बसू लागल्या.

"राणी सुटेल ना हो त्या भुयारातून?" वाढता वाढता त्या विचारत.

"उद्या ऐक," बुवा म्हणत. त्यांना स्वतःलाच माहीत नसे. बायकोच्या देखत पुढचं पान उलटायचं कसं?

समाप्तीच्या दिवशी मल्लप्पा शाल, नारळ घेऊन बसले. पटांगणात मुंगीला वाट नव्हती. बुवा रंगात आले होते. "सरदाराच्या फौजेनं किल्ल्याला वेढा दिला. राणी एकटी बुरुजावर उभी राहिली. समोर हजार भाले. तेवढ्यात..."

बुवांनी पान उलटलं. खाली नुसती फळी होती.

त्यांनी रुमाल चाचपला, मांडीखाली पाहिलं. शेवटचं पान नव्हतंच.

"तेवढ्यात काय, बुवा?" तानाबाई ओरडली.

बुवांनी शकुंतलाबाईंकडं पाहिलं. त्यांचा पदर तोंडात होता आणि डोळे काठोकाठ भरलेले. ते डोळे पाहून शास्त्रीबुवांची तीन पिढ्यांची विद्या एकदम मदतीला धावून आली. त्यांनी फळी मिटली आणि आवाज चढवला.

"तेवढ्यात दरवाजावरचा दगडी हत्ती खाली उतरला! त्यानं सोंडेनं राणीला पाठीवर घेतलं. तळं उसळलं, भाले वाहून गेले, सरदार चिखलात बसला आणि राणीनं त्याचं निशाण खंदकात भिरकावलं. तो किल्ला अजून उभा आहे, मंडळी, आणि हत्ती अजून जागा आहे!"

असा जयघोष झाला की देवळावरची कबुतरं उडाली. मल्लप्पांनी शाल घातली आणि डोळे पुसत म्हणाले, "बुवा, तुमी हायसा तवर दुसरा मानूस ह्या पाटावर बसणार न्हाय." तिन्ही पिढ्यांचं भाग्य आज उजळलं, असं बुवांना वाटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

गर्दी पांगल्यावर गौरम्मा पाया पडायला आली. शकुंतलाबाई शेजारीच होत्या. वाकता वाकता गौरम्मानं कमरेची पिशवी उघडली आणि घडी केलेलं एक उभं पान बुवांपुढं धरलं.

"बुवा, ह्ये शेवटचं पान. म्याच फाडलं हुतं. ह्यात राणी मरती की. मला लई रडू आलं, म्हटलं दुसऱ्या बाईनं वाचाय नको. पयल्या दिवशीच वळखलं म्या पुस्तक. तुमी राणीचं काय करताय, त्येच बघाय रोज येत हुते."

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. पण तो क्षणभरच. खांद्यावरची शाल त्यांनी नीट सावरली, पान हातात घेतलं, दुरूनच न्याहाळलं आणि न वाचता परत दिलं.

"गौरम्मा, हे पान क्षेपक आहे. मागाहून कुणीतरी मूळ ग्रंथात घुसडलेलं. ते चुलीत घाल. खरा पाठ आम्ही सांगितला तोच!"

मग घराच्या वाटेला लागताना, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, ते बायकोला हळूच म्हणाले, "अगं, त्या ग्रंथालयात अशी आणखी स्थलपुराणं आहेत का?"