झाकणाला वेळ द्या

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले वाबळे डॉक्टर माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, नाकपुड्यांकडे बघून बोलतात. मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढून वर येते, तर हे दारात उभे. कशा आहात नाही, काय म्हणता नाही. एकदम, "वहिनी, नाकपुड्या फुलल्यात. जरा टेका." आता चारचौघांत बाईमाणसाच्या नाकपुड्यांवर कोणी बोलतं का? माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

डॉक्टर म्हणजे गुरांचे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले आणि सावेडीत येऊन राहिले, एकटेच. बायको वारली, मूलबाळ नाही, आणि आमच्या सोसायटीत जनावर पाळू देत नाहीत. मग त्यांच्या तावडीत सापडायला उरलो कोण? आम्ही.

माझ्या भाच्याच्या लग्नाची मिरवणूक आमच्याच दारातून निघाली. घोडी नटवलेली, तिच्या तोंडावर झेंडूच्या फुलांची दाट जाळी, पुढे फटाक्यांचा धूर. डॉक्टर गर्दीतून घुसले आणि नवरदेव वर बसलेला असताना त्यांनी ती जाळी सोडायला घेतली. घोडीवाला अंगावर धावून गेला, बँड थांबला, माझी बहीण रडकुंडीला आली. डॉक्टर आपले समजावताहेत की माणसाचं नाक चोंदलं तर त्याला तोंड आहे, घोड्याला ती सोय नाही, त्याला श्वास फक्त नाकानंच घेता येतो. असेल हो, सगळं खरं असेल. पण तिकडे मुहूर्त टळत होता, त्याचं काय?

बाजारातही तीच तऱ्हा. एक बाई कोंबडी बगलेत घट्ट दाबून चालली होती, तर तिला अडवलं. कोंबडीच्या छातीखाली आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छाती हलायला जागा दिली नाही तर ती तशीच गुदमरते, वगैरे. ती बाई म्हणाली, "आवो, कापायचीच हाय की." डॉक्टर म्हणाले, "तोवर तर घेऊ द्या तिला श्वास." आणि मला त्यांच्याबरोबर उभं राहायची लाज वाटली.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे झाकण. गणपतीच्या महाप्रसादाला पोरं भराभर जेवायला लागली की हे पंगतीतून फिरत म्हणणार, "झाकणाला वेळ द्या." घशात म्हणे दोन वाटा असतात, एक पोटाची आणि एक फुप्फुसाची, आणि फुप्फुसाच्या वाटेवर एक झाकण. घास गिळताना ते मिटतं. त्याला मिटायला वेळ दिला नाही की घास चुकीच्या वाटेनं जातो. गावाकडे गाईचं पोट वायूनं फुगलं की लोक तिची मान वर ओढतात, जीभ बाहेर धरतात आणि बांबूच्या नळीनं तेल ओततात. मान ताणलेली, जीभ धरलेली, मग गिळणार कशी? तेल सरळ फुप्फुसात. गाय फुगण्यानं मरत नाही, घरच्यांच्या मायेनं मरते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्यातच माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. आत्याबाई देवळाली प्रवरेच्या, उभा जन्म उसाच्या रानात काढलेली बाई. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. खायला घातलं की ठसका, संध्याकाळी अंगात कणकण, एकदा तर छातीही कफानं भरली. दवाखान्यात सांगितलं की आता पुन्हा छाती भरली तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या एका गोष्टीला आत्याबाई भ्यायल्या. "नळी नको गं मंगल, भाकरीची चव तरी राहू दे," म्हणाल्या. मी मनाशी ठरवलं, नळी घालू द्यायची नाही. त्यांना उताणं निजवून, हनुवटी वर धरून, मी चमच्याचमच्यानं पेज पाजत होते. सेवेत काही कमी पडू दिलं नव्हतं.

तर एका सकाळी डॉक्टर पेपर मागायला आले. आतलं दृश्य बघितलं आणि ओरडले, "मान खाली करा!" धावत येऊन त्यांनी माझ्या हातातली वाटीच हिसकावली. आत्याबाईंसमोर. माझ्या घरात. मी म्हणाले, "डॉक्टर, ही माझी सासू आहे, म्हैस नाही."

"म्हैस असती तर बरं होतं," ते म्हणाले. "तिच्यासाठी तुम्ही मला आधीच बोलावलं असतं."

सांगा, हे काय बोलणं झालं? मी दार दाखवलं. ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. आत पाऊल टाकलं नाही, उंबऱ्याबाहेर उभं राहून सूचना सुरू. पाठीशी उशा द्या, उठवून बसवा, हनुवटी छातीकडे, पेज जरा घट्ट, अर्धाच चमचा. मी दार लोटणार तेवढ्यात आतून आत्याबाईंचा जड आवाज आला.

"येऊ दे त्याला. आपली कपिला तशीच गेल्ती. मीच धरली हुती तिची जीब."

मी बाजूला झाले. दुसरं काय करणार?

डॉक्टरांनी आत्याबाईंना बसवलं, मानेमागे उशी लावली आणि अर्धा चमचा ओठांशी नेला. "मावशी, घाई नाही. झाकणाला वेळ द्या." आत्याबाईंनी गिळलं. मी ठसक्याची वाट बघत होते. तो आला नाही. दुसऱ्या घासाला नाही, वाटी संपेपर्यंत नाही. मला बरं वाटलं आणि अपमानही वाटला, दोन्ही एकदम.

तेव्हापासून डॉक्टर रोज सकाळी येतात. अंगातली कणकण गेली. दवाखान्यात नळीचं नाव काढलं नाही. परवा आत्याबाईंनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली आणि चव लागली म्हणून रडल्या. मी डॉक्टरांपुढे चहा ठेवला आणि जरा फणकाऱ्यानंच विचारलं, की जन्म गोठ्यात गेला, मग माणसांचं एवढं कुठून शिकलात?

ते उभ्या उभ्याच चहा संपवून निघायच्या बेतात होते. कप तसाच हातात राहिला.

"जनावराच्या बाबतीत मी कधी चुकलो नाही, वहिनी," ते म्हणाले. "गावोगाव ओरडत हिंडलो, मान वर करू नका. आमच्या हिलाही मावशींसारखाच झटका आला होता. एकदा ती म्हणाली, तहान लागलीय. मी डोकं मांडीवर घेतलं, हनुवटी वर उचलली आणि पाणी पाजलं. जनावर असतं तर तसं पाजलं नसतं. माझंच माणूस होतं, म्हणून सुचलंच नाही."

पुढचं मला कळलं.

एवढी वर्षं मी या माणसावर चिडत आले. त्या क्षणीही चिडले, पण आता कोणावर, ते कळेना. आत्याबाईंनी डावा हात पलंगावर थोपटून त्यांना बसायची खूण केली. ते हलले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर," मी म्हणाले, "नाकपुड्या फुलल्यात. जरा टेका."