चोर पकडायची ओळ

त्या दिवसांत दिंडोशीला आभाळ धड बरसतही नव्हतं आणि धड उघडतही नव्हतं. श्रावणच तो! दोरीवरचे कपडे दिवसातून तीनदा आत येत, तीनदा बाहेर जात. दशरथकाकांचा संशयही तसाच आतबाहेर करत होता.

त्याचं असं झालं. गिरणी सुटल्यापासून (काकांनी नाही सोडली, तीच सुटली) काका भजनं रचत. शाळा दुसरीपर्यंत, तरी आठ महिने एका बोटाने त्यांनी चाळीस भजनं जुन्या कॉम्प्युटरवर उतरवली. गोकुळाष्टमीला सोसायटीच्या भजनी मंडळात त्यांची पुस्तिका वाटायची, एवढीच हौस. आणि नेमका कॉम्प्युटर बसला.

शेजारचा विद्याधर धावून आला. "भजनं शाबूत आहेत, काका. मी नवीन सिस्टिम घालतो. फुकट आहे. जगभरचे लोक मिळून बनवतात आणि वाटून टाकतात."

"फुकट? मग तुका काय गावता?"

"काहीच नाही."

झालं, पाल चुकचुकली. काही नको म्हणणारा माणूस काकांनी जन्मात एकच पाहिला होता, आणि तो त्यांची छत्री घेऊन गेला होता.

सिस्टिम चालली, पण प्रिंटर अडून बसला. त्याला कंपनीचंच सॉफ्टवेअर हवं, आणि ते आतून कसं चालतं ते कंपनी कोणाला दाखवत नाही. विद्याधर तत्त्वाचा. "असलं बंद डबीतलं मी घालणार नाही!" तीन रविवार तो दुसरे उपाय करत बसला. प्रिंटर नुसता घुरघुरायचा.

"ह्यो मुद्दाम वेळ काढता," काका बायकोच्या कानाला लागले. "माझी भजनां उतरवून घेता."

"घेऊन काय करेल? झोप येत नसेल त्याला," अनुपमाकाकू म्हणाल्या.

काकांना काही स्वस्थ बसवेना. गावाकडे जुने बुवा भजनाच्या वहीत एक खोटी ओळ घालून ठेवत; दुसऱ्या कोणाच्या तोंडी ती आली की चोर सापडला. काकांनी गुपचूप कॉम्प्युटरवरच्या पहिल्याच भजनात तशी ओळ ठोकली : 'चोरून गाई जो हे, त्याच्या घशी पेडव्याचा काटा.' (भर श्रावणात मासळी! पण चोराला कसला श्रावण?)

चौथ्या रविवारी काकूंनी चहाचा कप विद्याधरपुढे आदळला. "अष्टमी परवावर आली. तत्त्व छापून देतोस की भजनं?"

विद्याधरने प्रिंटरकडे पाहिलं, काकांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "ठीक आहे, एवढ्यापुरतं नाक दाबून घालतो. पण यावरचा मोकळा उपाय मी शोधणार म्हणजे शोधणार!"

प्रिंटर खोकला आणि धडाधड छापत सुटला. साठ प्रती! पहिलं पान हातात आलं तसे काकांचे डोळे भरून आले. त्या पाण्यात ती ओळ काही दिसली नाही.

अष्टमीला सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळाच्या शरच्चंद्रबुवांनी पहिलं भजन उचललं. मृदंग तापला, टाळ घुमले आणि साठ गळ्यांतून एकदम आलं, "त्याच्या घशी पेडव्याचा काटा!"

समोर विद्याधर डोळे मिटून, टाळ वाजवत, तेच गात होता.

"चोर गावलो!" काका ताडकन उठले. टाळ थांबले. विद्याधरच्या मांडीवर पुस्तिका होती. बुवांच्याही. सगळ्यांच्याच. काका हळूच खाली बसले, आणि काकूंनी डोळे वटारल्यावर त्यांना सगळं कबूल करावं लागलं.

विद्याधर पोट धरून हसला. मग काकांजवळ सरकून म्हणाला, "काका, आमच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक राहिली तर जगातला कोणीही येऊन दुरुस्त करतो. तुमच्या ह्या ओळीला मात्र हात लावू नका हां. चाळीस भजनांत तेवढीच लोकांना पाठ झालीय."