भर मे महिन्यात हीटर

दत्तात्रेय शेट्ये नुसता नमस्कार करून गप्प बसले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. (कचेरीत त्यांना हेडक्लार्क केलं तेसुद्धा, म्हणे, साहेबांच्या केबिनपासून त्यांचं टेबल लांब जावं म्हणून.)

कोल्हापूरचे कोरगावकर नवराबायको ऋजुताला बघायला रत्नागिरीत आले होते. त्यांचा उन्मेष आणि शेट्यांची ऋजुता यांचं आपापसात जमलेलंच होतं. राहिला होता तो थोरांचा होकार. उन्मेष भेटून परस्पर पुण्याला गेला. "घरी जाऊन कळवतो," एवढंच म्हणून कोरगावकर दुपारच्या एसटीसाठी उठले आणि दत्तात्रेय बोलून गेले, "एसटी कसली? दारात गाडी असताना! आम्ही सोडतो कोल्हापूरला!"

उमाबाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, ती हातखंब्याच्या पुढे गेली की धुमसत्येय, ठाऊक आहे ना? पोरीचं लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

"शब्द गेला गो तोंडातून," दत्तात्रेय म्हणाले.

गाडीचं दुखणंच तसं होतं. मारुती मंदिर ते मांडवी कितीही हिंडवा, मुकाट फिरायची. लांब निघाली की तापायची. गॅरेजवाल्या बाळाने पाणी बदललं, पंखा बदलला, थर्मोस्टॅट बदलला. शेवटी म्हणाला, "काका, आता मालक तेवढा बदलायचा ऱ्हायलाय." पण जाता जाता त्याने एक युक्ती सांगितली होती. अगदीच अडलात तर हीटर लावा, इंजिनाची गरमी तो आत ओढून घेतो.

कोरगावकर जाकीट-टोपी घालून पुढे बसले, बायका मागे. "एसीचा गॅस गेलाय," असं सांगून दत्तात्रेयांनी सगळ्या काचा खाली केल्या. पालीपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. नाणिजच्या पुढे तापमानाचा काटा हलला.

"यंदा गुळाचा भाव पडलाय बघा," कोरगावकर सांगत होते. त्यांचा गुळाचा व्यापार.

"चढतोय हो, चढतोय," दत्तात्रेय काट्याकडे बघत म्हणाले.

कोरगावकरांनी त्यांच्याकडे जरा चमकूनच पाहिलं. काटा लाल रेघेला टेकायला आला, तसा दत्तात्रेयांनी देवाचं नाव घेतलं आणि गुपचूप हीटर लावला. काटा खाली आला. बाळाची युक्ती खरी होती! फक्त ती गरमी आत आल्यावर कोणाच्या अंगावर जाते, ते बाळाने सांगितलं नव्हतं.

"तुमच्या कोकणात लई उकडतंय ओ," कोरगावकर टोपी काढत म्हणाले.

"समुद्र जवळ ना. दमट हवा."

"साखरप्याला समुद्र?"

मागे उमाबाईंना खोकल्याची उबळ आली. पुढच्या वळणावर जाकीट उतरलं. आंबा घाट लागला, चांगला गार वारा सुटला, मागे विहीणबाईंनी पदर लपेटून घेतला. आणि पुढे कोरगावकरांच्या सदऱ्यातून घाम निथळत होता.

"अवो, आम्हाला थंडी वाजायलीय आणि तुम्हालाच घाम कसा?" विहीणबाई घाबऱ्याघुबऱ्या पुढे वाकल्या. "छातीत काय होतंय का?"

"जरा... भरल्यागत वाटतंय खरं."

"अगं आई गं! हार्ट! दवाखान्यात घ्या ओ गाडी!"

दत्तात्रेयांनी हीटरकडे हात नेला. हीटर बंद करावा तर इंजिन जातं, चालू ठेवावा तर व्याही. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी हीटरचा पंखा तेवढा बंद केला आणि गाडी जोरात हाणली.

दोन वळणांत बॉनेटमधून फुस्स करून वाफ उसळली. "आग! आग!" विहीणबाई ओरडल्या. गाडी थांबताच सगळ्यांच्या आधी उडी टाकून बाहेर पडले ते कोरगावकर. कठड्यापाशी दोन मिनिटं वारा खाल्ला आणि माणूस ठणठणीत!

दत्तात्रेयांनी बॉनेट उघडलं. उमाबाई लांबूनच कान देऊन ऐकत होत्या. "ही वाफ झाकणाच्या कडेने सुटत्येय. रिंग गेलीय," त्या म्हणाल्या.

"आमच्या कुकरचं अस्संच झालंतं," विहीणबाई म्हणाल्या. "डाळ शिजंना म्हणून मी डाळीलाच नावं ठेवत बसले."

दोघी बॉनेटवर वाकल्या. इंजिन निवल्यावर उमाबाईंनी फडक्याने रेडिएटरचं झाकण काढलं, तर आतलं रबर चुरा होऊन हातात आलं. सगळं बदलणाऱ्या बाळाने आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या दत्तात्रेयांनी तेवढं झाकण सोडलं होतं.

पाण्याची बाटली घ्यायला कोरगावकर गाडीत वाकले आणि तिथेच थांबले. "शेट्ये, ह्यो खटका लाल खुणेवर कसा काय? हीटरचा न्हवं ह्यो?"

दत्तात्रेयांनी सगळं सांगून टाकलं. कोरगावकर पाण्याची बाटली त्यांच्या हातात देऊन पाठ फिरवून कठड्यापाशी गेले. पाणी ओतत ओतत मलकापूर गाठलं, तिथे नवं झाकण बसलं, गाडी कोल्हापूरपर्यंत सुतासारखी गेली, काटा मधोमध. पण आता त्या काट्याकडे बघायची कोणाची इच्छा नव्हती. येताना दत्तात्रेयांना सारखी ऋजुता दिसत होती. तिला काय सांगायचं? बाबांनी तुझ्या सासऱ्याला वाफवला?

चार दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. फोन वाजला की दत्तात्रेय दचकायचे आणि नाही वाजला की येरझाऱ्या घालायचे. अखेर कोरगावकरांचा फोन आला.

"हिनं ऐकलं न्हाई. डाक्टरकडं जाऊन आलो. हार्ट एकदम घोड्यासारखं हाय."

"देवाची कृपा! आणि... आपलं ते?"

"पोरगी पसंत हाय. तुमच्या मंडळी तर आमच्या हिला लईच पसंत हाईत, रोज कुकर लावताना त्यांचंच नाव काढतीय. साखरपुड्याला गाडीनंच या. पर माझी एक अट हाय."

"सांगा ना! म्हणाल ते करतो!"

"गाडी ऋजुता चालवंल. मी बसलो होतो त्या सीटवर तुम्ही बसायचं. जाकीट घालून. आणि कोल्हापूर येईस्तोवर हीटर चालू."

"अहो, पण आता झाकण नवीन आहे! इंजिनाला हीटरची गरजच नाही!"

"इंजिनाला न्हाई ओ," कोरगावकर शांतपणे म्हणाले, "मला हाय."