जमिनीपासून तीन फूट

मेश्राम काका कोणाच्याही घरी गेले की आधी मोजे काढतात. मग खोलीच्या चारही कोपऱ्यांत अनवाणी जाऊन, डोळे मिटून, एकेक मिनिट उभे राहतात. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी मंडळींना याची सवय झाली आहे. नवीन माणसाला वाटतं, काका वास्तुशास्त्र बघतात. एका बाईंनी तसं विचारलंही. काका भडकले. "वास्तू-बिस्तू काही नाही! थर्मोडायनॅमिक्स आहे ते!"

एका बारशाला त्यांनी यजमानाला विचारलं, "खाली किती इंच आहे?"

यजमान पुण्याचा, नुकतंच घर घेतलेला. खुशीत म्हणाला, "पंच्याहत्तर, काका. भिंतीवरच लावलाय."

"टीव्ही नाही जी! जमिनीखाली. इन्सुलेशन."

"ते... बघावं लागेल."

"पाहत नाही नं कोणी! माणूस किचन पाहते, छत पाहते, गॅरेज पाहते. ज्याच्यावर उभा आहे ते पाहत नाही!"

काका नागपूरकडचे. एका वीजकेंद्रात त्यांनी बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळले. निवृत्तीनंतर मुलाजवळ, मिलिंदजवळ, राहायला इथे आले. दोन वर्षांत मिलिंदची नोकरी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला गेली आणि काका-काकू इथेच राहिले. राहिले ते माझ्या घरात. मी त्यांचा घरमालक.

ते घर एकमजली आहे, पन्नास वर्षांपूर्वीचं. त्याला तळघर नाही. लाकडी जमिनीखाली अडीच फूट उंचीची पोकळी आहे. तिला इथे क्रॉल स्पेस म्हणतात, कारण तिच्यात रांगतच जावं लागतं. बाहेरच्या भिंतींना हवा खेळायला आठ जाळ्या आहेत. जमिनीच्या खालच्या बाजूने, तुळयांच्या मध्ये, थंडी अडवायला काचेच्या लोकरीचा थर आहे. हे सगळं मला कागदावरून माहीत होतं. घर घेतल्यापासून अकरा वर्षांत मी खाली गेलो नव्हतो.

काका पहिल्याच आठवड्यात गेले. मी नळ बघायला गेलो होतो, तर पोकळीत उतरायचं, कपाटाच्या तळाचं झाकण उघडं आणि आतून आवाज, "मालक, या! तुमची प्रॉपर्टी पाहा!" मालक हा शब्द ते मला चिडवायलाच वापरायचे. वर आले तेव्हा डोक्यावर काकूंची आंघोळीची टोपी, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा आणि मिशीत कोळिष्टकं.

"गोधडी फाटली आहे घराची," ते म्हणाले. "साडेतीन इंच लोकर, तीही अर्धी लोंबून राहिली. मातीवर प्लास्टिक नाही. उन्हाळ्यात जाळ्यांतून दमट हवा आत, हिवाळ्यात बर्फाचं वारं आत. आज नवं घर बांधलं तर नऊ-दहा इंच लोकर लागते. माहीत आहे नं?"

मला माहीत होतं. मी असल्या गोष्टी वाचून ठेवतो. मला हेही माहीत होतं, की तो नियम नव्या बांधकामाला आहे. जुनं घर ज्या काळी बांधलं, त्या काळचा नियम पाळत असेल तर पुरे.

मग हिवाळा आला आणि रोज सकाळी नऊला फोन सुरू झाले. "जय भीम, मालक. बावन्न." बस, एवढंच. हे जमिनीचं फॅरनहाइट तापमान, म्हणजे सेल्सिअसमध्ये जेमतेम अकरा. काका त्याला ताप म्हणायचे. "स्वयंपाकघराला आज पंचावन्न ताप आहे. खिडकीपाशी एक्कावन्न. पेशंट सीरियस आहे."

शेवटी मी टेप आणि थर्मामीटर घेऊन गेलो. भाड्याच्या घरात हिवाळ्यात नियमाने हवेचे अडुसष्ट अंश लागतात आणि ते मोजायचे जमिनीपासून तीन फुटांवर, खोलीच्या मध्यभागी. मी मोजले. एकोणसत्तर भरले. काकांना आकडा दाखवला.

"तीन फुटांवर कोण राहते?" काका म्हणाले. "हा नियम खुर्चीचा आहे, मालक. आमची सुनंदा खाली बसते."

सुनंदा काकू खिडकीपाशी मांडी घालून बसल्या होत्या, पुढ्यात ताटात तांदूळ. निवडलेलेच तांदूळ त्या पुन्हा निवडत होत्या. आधी त्यांची स्मृती गेली, मग खुर्ची गेली. सोफ्यावर बसवलं की दोन मिनिटांत घसरून खाली यायच्या. काकांनी खाली सतरंजी घातली, गालिचा घातला, त्या सरकून लाकडावर जायच्या. शाळेतल्या बाई होत्या त्या. पण लहानपणी ज्या जमिनीवर बसल्या, तेवढीच आता ओळखीची उरली होती.

"मला बॉयलरवाला समजते," काका हसून म्हणाले. "नाव नाही येत. पण मी खालून ठोकलं नं, की वरून ही ठोकते. म्हणते, खाली कोणीतरी आहे. आणि अशी हसते!"

काका दर आठवड्याला लोकर वर खोचायला त्या अंधाऱ्या पोकळीत का उतरत होते, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मी म्हणालो, "वसंतात बघू या, काका." नियमाबाहेर मी एक अंशही नव्हतो.

जानेवारीच्या शेवटी काकूंना न्यूमोनिया झाला. थंड जमिनीमुळे न्यूमोनिया होत नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. ते वाक्य मी बरेच दिवस जपून ठेवलं. पण काकूंना घरी सोडण्याआधी हॉस्पिटलकडून एक बाई घर तपासायला आली. तिने खिडकीपाशी वाकून जमिनीला हात लावला, लगेच काढला आणि काहीतरी लिहिलं. जमीन दुरुस्त झाल्याशिवाय काकूंना घरी पाठवता येणार नाही, म्हणाली. मी त्याच दुपारी कंत्राटदाराला फोन केला. त्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. मिलिंद चार दिवसांची रजा काढून आला होता, त्याला तेवढं थांबता येत नव्हतं. त्याने आईला केअर सेंटरमध्ये ठेवलं.

काम झालं. जाळ्या बंद केल्या, मातीवर जाड प्लास्टिक, कडेच्या भिंतींना फोम, तुळयांमध्ये दहा इंच लोकर. सकाळी नऊला मीच फोन केला, "काका, किती?"

"सदुसष्ट," ते म्हणाले. "चांगलं झालं, मालक. पुढच्या भाडेकरूला कामी येईल."

मार्चमध्ये एकदा मी काकांना गाडीतून केअर सेंटरला नेलं. दारातच नर्सने त्यांच्यापुढे कागद ठेवला. काकू पुन्हा पडल्याची नोंद होती. त्या आठवड्यात नऊ वेळा. काकांनी सही केली.

"पडत नाही जी ती," मला म्हणाले. "बसते. पण इथं माणूस जमिनीवर दिसला की पडला असंच लिहितात. ‘शी सिट्स’ म्हणून म्हणून थकलो. आता एक मागे कललेली खुर्ची आणून राहिले. तिच्यातून उठताच येत नाही."

खोलीत काकू पलंगाशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दहाव्यांदा. काकांनी पलंगाची दांडी धरली आणि शहात्तर वर्षांचे गुडघे कुरकुरवत हळूहळू त्यांच्या शेजारी खाली बसले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फक्त थोड्या सरकल्या आणि जागा दिली.

तेवढ्यात मदतनीस मुलगी आत आली. दोघांना खाली पाहून दचकली आणि मदतीसाठी ओरडून कागद आणायला धावली. मी तिच्यामागे निघालो, हे पडले नाहीत, बसले आहेत, हे तिला सांगायला.

"लिहू द्या नं, मालक," काका खालून म्हणाले. "किती दिवसांपासून त्या कागदावर ती एकटीच पडून राहिली."